जिल्हा नियोजन समितीच्या रिकाम्या खुर्च्या

मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. ते पुन्हा सुरू व्हावे ही मागणी रास्तच आहे. दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे 3,186 कोटी रुपये काढला, त्यात मराठवाड्याचे 750 कोटी. पण तो मोजताना समितीने घटक धरला जिल्हा, हे आपण विसरतो. शिवाय मंडळावरचे सदस्य राज्यपाल नेमतात. जालना जिल्ह्यातल्या मंठ्याचा किंवा भोकरदनचा मतदार त्यांना जाब विचारू शकत नाही.

जिल्हा नियोजन समितीचे तसे नाही. 74व्या घटनादुरुस्तीने ती दिली, राज्याचा कायदा 1998चा. तिचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे असतात. मार्च 2022 मध्ये जालना जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आले. 2023 मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली, तीही सुरुवातीला प्रशासकाच्याच हाती होती. सदस्यच नव्हते तर निवडायचे कोणाला? बैठका होत राहिल्या. मागील इतिवृत्त कायम झाले, खर्चाची टक्केवारी वाचली गेली, मार्चअखेरची घाईही नेहमीप्रमाणे झाली. ज्यांच्या वॉर्डात आणि गटात ते पैसे पडायचे, त्यांचा माणूस तेवढा तिथे नव्हता.

याची झळ पाण्यात दिसते. जायकवाडीचे पाणी पैठणहून जालन्यापर्यंत येते आणि अंबड शहरही त्याच योजनेवर आहे. कोणी किती पाणी घ्यायचे, पंपांचे वीजबिल कोणी किती भरायचे, वाहिनी फुटली तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे प्रश्न एका पालिकेच्या सभागृहात सुटणारे नाहीत. अनेक गावांच्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांचेही हेच. एका गावाने पाणीपट्टी थकवली की बिल थकते आणि नळ साऱ्यांचेच कोरडे पडतात. सामाईक पाण्याच्या वाटणीचा विचार, घटनेनुसारच, याच समितीने जिल्ह्याच्या विकास आराखड्याचा मसुदा करताना करायचा आहे.

उत्तर इंग्लंडमधला ग्रेटर मँचेस्टरचा अनुभव इथे उपयोगी आहे. 1986 मध्ये सरकारने तिथली वरची परिषद बरखास्त केली, तरी दहा स्थानिक परिषदा स्वेच्छेने एकत्र बसत राहिल्या. संयुक्त प्राधिकरण झाले ते 2011 मध्ये, अधिकार देणारा करार 2014 मध्ये, थेट निवडलेला महापौर 2017 मध्ये आणि बससेवा टप्प्याटप्प्याने प्राधिकरणाच्या ताब्यात येऊ लागली 2023 पासून. एकत्र बसण्याची सवय आधी होती, अधिकार मागून आले. आपल्याकडे कायदा आधी आला, सवय लागलीच नाही.

म्हणून जिल्हा परिषद आणि पालिकांतल्या सदस्यांना आमची विनंती आहे: सभागृहात पाऊल ठेवताच नियोजन समितीवरच्या आपल्या जागांची निवडणूक मागा आणि पहिल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर सामाईक पाणी योजनांचा हिशेब घ्यायला लावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आपल्या योजनेची थकबाकी, गावनिहाय, आजच लिहून तयार ठेवावी.