फुकटचं गाणं

न्यू ऑर्लिन्समधली पहिली सकाळ कॉफीपाशीच अडली. इथल्या प्रसिद्ध कॉफीत चिकोरी असते, म्हणजे मूळच की! मी नुसतं दूध घेतलं. ह्यांनी मात्र दोन कप संपवले.

मग रॉयल स्ट्रीट. दिवसा काही भागात गाड्या बंद असतात आणि वादक रस्त्यावरच मांडून बसतात. एका क्लॅरिनेटवाल्यापुढे आम्ही अर्धा तास उभे होतो. ह्यांनी सगळं मोबाईलवर टिपलं आणि निघाले. "अहो, बादलीत काही टाका." माझी पर्स हॉटेलात राहिली होती. "रस्त्यावरचं गाणं फुकटच असतं," म्हणाले. मी कॉमर्सची, माझ्या मते ऐकलं म्हणजे घेतलं, आणि घेतलं म्हणजे देणं लागलो.

दुपारी काँगो स्क्वेअर पाहिला. एकोणिसाव्या शतकात गुलाम माणसं रविवारी इथे जमून ढोल वाजवत, नाचत. जॅझचा उगम तिथवर नेतात. एरवी बिनमजुरी राबवलेली माणसं! निदान या गावात तरी वाजवणाऱ्याला फुकट राबवू नये. हे गप्पच झाले.

संध्याकाळी रॉयल स्ट्रीटला परत गेलो, तर क्लॅरिनेटवाला उठून गेलेला. ती पाच डॉलरची नोट मी अजून मोडू दिलेली नाही.