सोळा वर्षांचा खलाशी

बँकेत असताना कर्जाच्या कागदावर सही घेण्याआधी आम्ही जन्मतारीख पाहत असू. अठराला एक दिवस कमी असला तरी सही निरुपयोगी. जॅक कॉर्नवेलबद्दल वाचतानाही माझी नजर आधी तारखांवरच गेली. जन्म ८ जानेवारी १९००, मृत्यू २ जून १९१६.

लंडनजवळच्या लेटनमधला हा गरीबाघरचा पोरगा. शाळा सुटल्यावर ब्रुक बाँडच्या गाडीवर चहा पोहोचवू लागला. (आपल्या स्वयंपाकघरातल्या पुड्यावरचे नाव तेच!) ऑक्टोबर १९१५ मध्ये वडिलांना न विचारताच तो नौदलात भरती झाला. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत ‘चेस्टर’ युद्धनौकेवर जर्मन तोफगोळे कोसळले. तोफेवरचे सोबती मेले किंवा जायबंदी झाले. छातीत पोलादाचे तुकडे घुसलेले, तरी हा हुकमाची वाट पाहत जागेवर उभा राहिला. दोन दिवसांनी ग्रिम्स्बीच्या इस्पितळात गेला.

आधी त्याला सामाईक थडग्यात पुरले. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर जुलैत शव उकरून इतमामाने पुन्हा दफन केले. नोव्हेंबरमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस घ्यायला आई राजवाड्यात गेली, तोवर नवराही वारला होता. १९१९ मध्ये तीही हलाखीत गेली.

त्याच्या धैर्याविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण ‘बघा, अवघा सोळा वर्षांचा!’ असे लोक कौतुकाने म्हणतात, ते मला पटत नाही. हे सांगताना मान खाली जायला हवी. भरतीच्या वेळी त्याच्याजवळ मुख्याध्यापकांचे आणि मालकाचे शिफारसपत्र होते, म्हणजे कागद पुरे होते. त्या टेबलामागे मी असतो तर कदाचित मीही शिक्का मारला असता.