कामाआधी विहिरीत दोरी सोडा

मा. सचिव, मृद व जलसंधारण विभाग, मंत्रालय, मुंबई यांस,



माझ्या विहिरीचं पाणी मी दर महिन्याला मोजतो. दगड बांधलेली सुती दोरी, फुटाफुटावर गाठ. वर ओढली की जिथून दोरी ओली लागते तिथे बोट धरायचं, गाठी मोजायच्या आणि वहीत आकडा लिहायचा. २०१५ साली आमच्या नाल्याचं खोलीकरण झालं. पुढच्या पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली, गावाने पोकलेनवाल्याला नारळ-शाल दिली. त्या वर्षी पाऊसही भरपूर होता. पलीकडच्या गावात नाल्याला हातही लागला नव्हता, तिथल्याही विहिरी भरल्या. मग आमच्या विहिरीतलं किती पाणी नाल्याचं आणि किती पावसाचं? एकट्या माझ्या वहीवरून ते सांगता येत नाही.

हाच प्रश्न राज्याचा आहे. जलयुक्त शिवार हे जलसंधारणाचं अभियान डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालं. वर्षाला पाच हजार गावं आणि २०१९ पर्यंत टंचाईमुक्ती, असं ठरलं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. २०२० मध्ये कॅगने म्हटलं, ९,६३३ कोटी खर्चूनही भूजल फारसं वाढलं नाही. एक बाजू अडवलेल्या पाण्याचे टीसीएमचे (हजार घनमीटरचे) आकडे दाखवत राहिली, दुसरी टँकर मोजत राहिली. काम झालेली आणि न झालेली सारखी गावं पहिल्या दिवसापासून शेजारी ठेवून मोजली असती, तर हा वाद इतका रेंगाळला नसता.

मेक्सिकोने १९९७ मध्ये अशी तुलना केली. मुलं शाळेत आणि दवाखान्यात गेली तर आईच्या हाती पैसे, अशी त्यांची ‘प्रोग्रेसा’ योजना. सगळीकडे एकदम पोचणं शक्य नव्हतंच. म्हणून ५०६ गावांत सोडत काढली, ३२० गावांना आधी, १८६ गावांना नंतर. दोन्हीकडचा फरक कागदावर आला. २००० मध्ये सरकार बदललं, तरी योजना टिकली.

डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याकडे मंत्रिमंडळाने जलयुक्त शिवारच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्यातही अशीच तुलना करा. ‘तुलनेसाठी गावांना तहानलेलं ठेवायचं का?’ असं कोणी विचारेल. पण निधी आणि यंत्रं एका वर्षी सगळ्यांना पुरत नाहीत, कोणीतरी मागे राहतंच. आज तो क्रम शिफारशीवर ठरतो, असं गावोगाव बोललं जातं. सारख्या गरजेच्या गावांमध्ये तो सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा. चिठ्ठी मात्र गावाची नको, पाणलोटाची टाका. वर पाणी अडवलं की खालच्या गावाच्या विहिरीवर परिणाम होतो, आणि मग तुलनाच बिघडते.

मोजायला नवी यंत्रणा लागणार नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी मोजतेच. त्यांच्या मे महिन्यातल्या आकड्यांना रब्बीचं क्षेत्र, टँकरच्या खेपा आणि हंड्यासाठी बायांना किती चालावं लागतं, एवढं जोडा. हे सगळं पोकलेन गावात शिरण्याआधी नोंदवा. नंतर ती नोंद मिळत नाही.

माझ्या वहीच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. मधले दोन महिने आजारपणामुळे कोरे आहेत, ते तसेच ठेवले आहेत.

आपला,
एक शेतकरी