बांधकामाचे मॉडेल आणि लहान पेढीची पत



सिमेंट, सळई आणि हार्डवेअरचा व्यापार करता करता बांधकामाच्या ठेक्यांकडे वळलेली कुटुंबे परभणी, सेलू, जिंतूर येथे आपणांस भेटतात. जालना–नांदेड द्रुतगती महामार्गाचा नियोजित मार्ग याच जिल्ह्यातून जातो. अशा प्रकल्पांत मुख्य कंत्राटदार बहुधा बाहेरचा असतो आणि गटारे, संरक्षक भिंती, लहान इमारती, नळ-विजेची कामे तो उपठेकेदारांकडे सोपवितो. पूर्वी त्याच्याकडून नकाशांची गुंडाळी येई. आता मोठ्या कामांत संगणकावरील त्रिमितीय प्रतिकृती येते; तिला ‘बीआयएम मॉडेल’ म्हणतात.

आपल्याच राज्यातील नागपूर मेट्रोवर मार्च २०१९ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. तिच्या उभारणीत महामेट्रोने ‘५डी बीआयएम’ पद्धती स्वीकारली होती. लांबी, रुंदी, उंची या तीन मितींना वेळ आणि खर्च यांची जोड दिली, की एखाद्या खांबाचे काँक्रीट किती, काम कधी आणि खर्च किती, हे एकत्र पाहता येते. ब्रिटनमध्ये केंद्र सरकारच्या बांधकामांसाठी २०१६ पासून बीआयएम आवश्यक ठरले आहे.

लहान पेढीची अडचण येथेच सुरू होते. मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना तिला परवडत नाही आणि त्यावाचून फाइल उघडत नाही. मग ती जुन्या छापील नकाशावर काम करते. मधल्या काळात मॉडेलमध्ये पाइपची जागा सरकलेली असते. स्लॅब पडल्यावर तो फोडावा लागतो, मापांवरून वाद होतो, बिल अडकते आणि सारा भार तुटपुंज्या नफ्यावर येतो.

आपल्या पूर्वजांनी अशीच एक अडचण सोडविली होती. दोन शहरांतील पेढ्यांच्या वह्या निराळ्या असत. परंतु हुंडीचा मसुदा दोघांच्याही ओळखीचा असल्याने ती परगावी वटत असे. बांधकामाच्या मॉडेलसाठी असा सामायिक मसुदा म्हणजे ‘आयएफसी’. तो कोणा एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचा नाही. बिल्डिंगस्मार्ट ही आंतरराष्ट्रीय संस्था तो सांभाळते आणि २०१३ मध्ये तो ‘आयएसओ १६७३९’ हे आंतरराष्ट्रीय मानक झाला. फ्रीकॅड, बिमव्हिजन यांसारख्या विनामूल्य साधनांत अशी फाइल उघडून मॉडेल फिरवून पाहता येते, मापे घेता येतात.

तथापि तिची मर्यादाही जाणावी. आयएफसी फाइल पाहण्यास व ताडण्यास उत्तम. मूळ सॉफ्टवेअरप्रमाणे तीत सहज बदल करता येतीलच असे नाही. रूपांतरात काही तपशील गळूही शकतात. म्हणून सही केलेले नकाशे सोबत घ्यावेतच.

वर्क ऑर्डरवर सही करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी ठरवाव्यात. मॉडेल आयएफसी स्वरूपातही मिळेल. प्रत्येक फाइलवर आवृत्ती क्रमांक व दिनांक असेल आणि बदल झाल्यास नवी प्रत कोण, किती दिवसांत देईल हे नमूद असेल. नकाशा व मॉडेल यांत तफावत आढळल्यास कोणते ग्राह्य, हे स्पष्ट असेल. कामापूर्वी एक नमुना फाइल दोन्हीकडे उघडून मापे जुळवून पाहिली जातील. शंका फोनवर न विचारता लेखी पाठवावी आणि उत्तर जपून ठेवावे. बिलाच्या वेळी तोच पुरावा ठरतो.

एकट्या पेढीस जाणकार अभियंता ठेवणे जड जाते. चार-पाच पेढ्यांनी मिळून एक अभियंता आणि एक चांगला संगणक ठेवला, तर खर्च वाटला जाईल. मात्र प्रत्येकीचे दर व हिशेब स्वतंत्र आणि गोपनीय राहावेत. पुण्यात शिकलेल्या आपल्या मुला-मुलींना गावातच योग्य काम देण्याची ही संधी आहे.

ज्या पेढीचे माप आणि मोठ्या कंत्राटदाराचे माप पहिल्याच भेटीत जुळते, तिला पुढचे काम मिळण्यास शिफारस लागत नाही. व्यापारात पत म्हणतात ती हीच.