शिकवलेलं कुत्रं

देवनहळ्ळीत आमच्या शेजाऱ्यांना शेतघरासाठी मुधोळ कुत्रा हवाय, तोही ‘शिकवून तयार’. पैसे कितीही लागोत. मी सरळ नको म्हटलं. शिकारीचे दिवस १९७२च्या वन्यजीव कायद्यानं संपवले, पण मुधोळच्या घोरपडे राजांनी जपलेलं आणि आपल्या मेंढपाळांनी कारवानी म्हणून सांभाळलेलं हे कुत्रं अजून नजरेनंच सावज धरतं. लांबवर ससा हलला की निघालंच सुसाट! त्या क्षणी त्याला मागं फिरवू शकते ती फक्त ओळखीची हाक, आणि ती ओळख बाजारात मिळत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लू माणसं, आवाज, वास मनात साठवतं; ते दिवस परक्या अंगणात गेले तर उरते नुसती कवायत. इथल्या विमानतळावर सीआयएसएफचा श्वान बॅगा हुंगत फिरतो तेव्हा सगळे कुत्र्याकडे बघतात, मी मात्र पट्टा धरलेल्या जवानाकडे बघते. बंगळूरजवळ तरळूला सीआरपीएफची श्वानशाळा आहे, तिथंही कुत्र्याबरोबर त्याचा जवान शिकतो. पैसे मोजून एकट्या कुत्र्याला शिकवून आणायचं, हे मला पटतच नाही. जातिवंत पिल्लू हवं तर मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्र आहे, तिथं चौकशी करा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, आधी कुंपण घाला, आणि वर्षभर रोजची संध्याकाळ त्याच्या नावावर लिहा. ती देता येत नसेल तर कुत्रं आणूच नका, शिकवलेलंही नको.