धारपांच्या भयकथा आणि आपली घरे

नारायण धारपांची पुस्तके ख्रिस्ती घरांत असावीत काय, अशी पृच्छा आमच्या काही वाचकांनी केली आहे. मुले ती अभ्यासाच्या वहीखाली दडवून वाचतात. तेव्हा हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही.

धारप (१९२५-२००८) यांनी परकीय लेखकांकडून पुष्कळ घेतले. अमेरिकेतील लव्हक्राफ्ट यांच्या कथांत अफाट विश्वाला मनुष्याची मुळीच पर्वा नसते. धारपांनी ते भय उचलले, परंतु ती निराशा पुरती स्वीकारली नाही. त्यांचा ‘समर्थ’ हा नायक अशुभाशी झुंजतो, व त्याच्या सामर्थ्याचा उगम साधनेत असतो. आमच्या मते हा फरक मोठा आहे.

त्यांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर आधारलेली आहे, आणि किंग यांच्यासमोर ब्रॅम स्टोकर यांचा १८९७ सालचा ‘ड्रॅक्युला’ होता. किंग यांच्या कादंबरीत फादर कॅलाहन नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू आहेत. ते रक्तपिपासू पिशाच्चासमोर क्रूस धरतात. क्रूस तेजाने उजळतो. पिशाच्च म्हणते, क्रूस टाकून दे व केवळ श्रद्धेने माझ्यासमोर उभा राहा. फादर कचरतात. त्या क्षणी क्रूसाचे तेज मावळते आणि पिशाच्च तो त्यांच्या हातातून हिसकावून मोडून टाकते. हा प्रसंग वाचून आम्ही पुस्तक बराच वेळ मिटून ठेवले होते. क्रूस हातात धरला असता आपण नेमके काय धरलेले असते, हे एका भयकथेने आम्हांस विचारावे, याचा थोडा संकोचही वाटला!

आता आमची खरी हरकत. धारपांची ‘आजी’ ही कथा किंग यांच्या ‘ग्रॅमा’वरून आलेली. तीत मुलगा आजारी आजीपाशी घरात एकटा असतो, आणि आजी चेटकीण निघते. राही बर्वे यांनी १९९३ साली आपल्या शेजारच्या नागझिऱ्याच्या अरण्यात मित्राच्या तोंडून धारपांची कथा ऐकली. त्या भीतीतून पुढे २०१८ सालचा ‘तुंबाड’ हा चित्रपट उभा राहिला. मुंबईच्या वाचकाला चेटकीण ही केवळ कल्पना असते. आपल्याकडे मात्र गुरे दगावली, मूल तापाने फणफणले, की एकाकी विधवेकडे बोट दाखविणारे अद्याप आहेत. शेजारच्या छत्तीसगडला २००५ साली आणि महाराष्ट्राला २०१३ साली याविरुद्ध कायदा करावा लागला, तो काही कथेतील चेटकिणींसाठी नव्हे.

म्हणून पुस्तके जाळू नयेत, परंतु ‘आजी’ मुलांनी कोपऱ्यात बसून वाचू नये. संध्याकाळी रोजरी झाल्यावर घरच्या आजीसमोर मोठ्याने वाचावी. ती बहुधा हसेल, आणि तिच्या लहानपणी खेड्यात कोणाला चेटकीण म्हणत व त्या बाईचे पुढे काय झाले, तेही सांगेल.