व्यवसायाचा रकाना

भारताच्या सोळाव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख ठरली. त्याआधीपासून आणि त्यानंतरही वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर आणि सभांमध्ये या जनगणनेविषयी जे बोलले गेले, ते जवळजवळ सर्व जातीच्या रकान्याविषयी होते. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद होणार असल्याने ती चर्चा आवश्यकच आहे. परंतु त्याच पत्रकात असलेल्या व्यवसायाच्या रकान्याकडे, म्हणजे कोण काय काम करते या प्रश्नाकडे, मराठी विचारविश्वाने इतकी पाठ फिरवावी ही गोष्ट वर्षभर खटकत राहिली. २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले, मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले, हिंदीसंबंधीचे शासननिर्णय मागे घ्यावे लागले आणि सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्यातील उभे पीक नेले. या घटनांची दखल आतील पानांत आहे. संपादकीयाची जागा मात्र त्या दुर्लक्षित रकान्याला देणे भाग आहे.

जिला पूर्वी खानेसुमारी किंवा शिरगणती म्हणत, ती जनगणना भारतभर एकाच वेळी प्रथम १८८१ मध्ये झाली. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडच्या जनगणनेने एक मोठा बदल केला. १८५१ मध्ये विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या वर्गीकरणात पत्नी आणि माता यांच्या घरातील कामाला व्यवसायांच्या यादीत स्थान होते. १८८१ मध्ये याच स्त्रियांची रवानगी 'व्यवसाय नसलेल्या' वर्गात झाली. ज्या राज्यकर्त्यांच्या मायदेशात घरातील श्रमाविषयीचे मत असे पालटत होते, त्यांच्याच अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातील कोष्टके आखली. १८९१ मध्ये व्यवसायाऐवजी 'उपजीविकेचे साधन' नोंदवले गेले, त्यामुळे शेतकऱ्याचे तान्हे मूलही शेतीच्या आकड्यात आले. १९०१ मध्ये 'प्रत्यक्ष काम करणारे' आणि 'त्यांच्यावर अवलंबून असणारे' असे दोन भाग पाडण्यात आले. या दुसऱ्या भागात कोणाला ढकलायचे, हा प्रश्न तेव्हापासून आजवर प्रामुख्याने स्त्रियांच्याच बाबतीत उद्भवला आहे.

१९११ च्या जनगणनेतील सूचना या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखी आहे. घर सांभाळणारी आणि स्वयंपाक करणारी स्त्री अवलंबित समजावी, परंतु सरपण किंवा शेण गोळा करून विकणारी स्त्री कुटुंबाच्या उत्पन्नात भर घालते म्हणून तिला काम करणारी समजावे, असा तिचा आशय होता. म्हणजे श्रमाला काम ठरवणारी कसोटी विक्रीची होती. तेव्हाच्या वर्गीकरणात भात कांडणारे आणि पीठ दळणारे यांचा एक स्वतंत्र गट होता आणि त्यात स्त्रियांचीच बहुसंख्या होती; दळण-कांडण करून मुले वाढवणाऱ्या विधवा महाराष्ट्राच्या घराघरांतील आठवणींत आहेत, त्या या गटात कोठेतरी असतील. पण तेच जाते पहाटे स्वतःच्या घरासाठी ओढणारी त्यांची शेजारीण या कोष्टकात नाही. विणकराच्या घरी कांड्या भरणारी आणि ताणा लावणारी बाई, मासळी निवडून, सुकवून बाजारात नेणारी कोळीण, गिरणगावातील एका खोलीत डझनभर कामगारांना जेवू घालणारी खाणावळवाली, या सर्वजणी त्या कसोटीच्या सीमेवर उभ्या होत्या. त्यांना कोणत्या बाजूला टाकायचे याचा निर्णय गावचा कुलकर्णी किंवा शाळामास्तर करीत असे, आणि तोही बहुतेक वेळा घरातील कर्त्या पुरुषाच्या उत्तरावरून. गिरणीत हजेरीपट असल्यामुळे वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांतील स्त्रिया मोजल्या गेल्या आणि १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत त्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते हे आज सांगता येते. त्याच गिरण्यांच्या पुरुषांना पोसणाऱ्या खाणावळवाल्यांविषयी तितक्या खात्रीने काही सांगता येत नाही; त्यांची संघटना उभी राहण्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांना अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापावे लागले.

या सदोष नोंदींचा पुढे जो परिणाम झाला, तो अधिक गंभीर आहे. ब्रिटिश राजवटीत देशी उद्योग बुडाले की नाही, या वादात १८८१ ते १९३१ पर्यंतच्या जनगणनांचा आधार घेताना आर्थिक इतिहासाचे अभ्यासक डॅनियल थॉर्नर यांनी स्त्रियांचे आकडे विश्वासार्ह नाहीत असे ठरवून निष्कर्ष प्रामुख्याने पुरुषांच्या आकड्यांवर बेतले. संशोधकीय सावधगिरी म्हणून ते समर्थनीय आहे. परंतु सूतकताईसारखा जो उद्योग मुख्यतः स्त्रियांच्या हातचा होता, त्याच्या ऱ्हासाचा इतिहास त्यामुळे दुसऱ्यांदा गाळला गेला: प्रथम मोजणाऱ्याने, नंतर वाचणाऱ्याने. आर्थिक इतिहासाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत हा दोष अजून उल्लेखापुरताही येत नाही, याची खंत वाटते.

स्वातंत्र्यानंतर व्याख्या बदलत राहिल्या. १९६१ मध्ये हंगामी कामाच्या बाबतीत हंगामाच्या बहुतांश काळात रोज तासाभराहून अधिक काम केलेल्या व्यक्तीला कामकरी मानले, तेव्हा देशातील सुमारे २८ टक्के स्त्रिया त्या वर्गात आल्या. १९७१ मध्ये आधी 'मुख्य काम कोणते' असे विचारले गेले, लाखो स्त्रियांपुढे 'घरकाम' लिहिले गेले आणि ते प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. दहा वर्षांत देशातील निम्म्या कष्टकरी बायका शेतातून उठून घरी बसल्या नव्हत्या. केवळ प्रश्न बदलला होता. १९९१ मध्ये घरच्या शेतावरील किंवा धंद्यातील बिनमोबदला कामाचा उल्लेख प्रश्नातच करण्यात आला, आणि त्यामागे स्त्री-अभ्यासकांचा पाठपुरावा होता. तरीही २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एका अपघात-भरपाईच्या निकालात असे म्हणावे लागले की गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत 'काम न करणाऱ्या' म्हणून बसवणारे जनगणनेचे वर्गीकरण असंवेदनशील आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे जाहीर केले. दिवसातील वेळ कशात जातो हे मोजणाऱ्या या पाहणीनुसार घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर रोज सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि ती कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. प्रस्तुत अंकाचा विषय 'हिशेब' असा आहे आणि लक्ष्मीपूजनाला वह्या पूजणाऱ्या समाजाला हा हिशेब परका वाटू नये. परंतु पाहणी नमुन्यावर चालते. गाव आणि वॉर्ड यांच्या पातळीवर प्रत्येक बाईची नोंद फक्त जनगणनाच करते, आणि मागच्या नोंदीनंतर पुढची नोंद होईपर्यंत सोळा वर्षे निघून गेलेली असतील.

यावेळी मोबाइलवरून स्वतः माहिती भरण्याची सोय असणार आहे आणि फोन बहुधा घरातील पुरुषाच्या हातात असेल. म्हणून व्यवसायाचा प्रश्न त्या त्या बाईलाच विचारला जावा, अशी सूचना प्रगणकांच्या प्रशिक्षणात ठळकपणे दिली गेली पाहिजे आणि महिला आयोग, विद्यापीठांतील स्त्री-अभ्यास केंद्रे, शेतकरी संघटना यांनी त्यासाठी आताच आग्रह धरला पाहिजे. २००१ पासून केवळ घरच्या वापरासाठी होणारे दुधाचे उत्पादनही काम मानले गेले आहे, हे किती गोठ्यांपर्यंत पोहोचले आहे? लावणी, खुरपणी, वैरण-पाणी, धार, घरी वळलेल्या विड्या, दुकानाच्या गल्ल्यावर बसणे, डबे भरणे, यांतले वर्षभरात जे जे केले असेल ते एकेक करून विचारले आणि सांगितले गेले, तरच २०२७ च्या कोष्टकात ते उतरेल.